विश्लेषण : बहुमत नेमके कितीचे?

बेंगळुरू : कर्नाटक विधानसभेत २३ जुलै २०१९ रोजी मुख्यमंत्री एच. डी. कुमारस्वामी यांचा विश्वासदर्शक ठराव ९९ विरुद्ध १०५ मतांनी फेटाळला गेला. २२४ निर्वाचित सदस्यांच्या सभागृहात निर्विवाद बहुमतासाठी ११३ मते हवीत. त्या दिवशी ती दोन्ही बाजूंना मिळाली नाहीत. तरीही सरकार कोसळले, कारण राज्यघटनेच्या अनुच्छेद १८९ नुसार निर्णय होतो तो उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांच्या बहुमताने.

घटनादुरुस्तीचे गणित वेगळे आहे. अनुच्छेद ३६८ नुसार संसदेच्या प्रत्येक सभागृहात मतदान करणाऱ्यांच्या दोन तृतीयांशांबरोबरच एकूण सदस्यसंख्येचेही बहुमत लागते. तेथे गैरहजेरी प्रत्यक्षात विरोधी मतासारखी ठरते.

पक्षांतराला आळा घालणाऱ्या दहाव्या परिशिष्टातही दोन तृतीयांशांचीच अट आहे. विधिमंडळ पक्षातील तेवढे सदस्य विलीनीकरणास राजी असतील, तरच अपात्रता टळते. महाराष्ट्रात २०२२ मध्ये शिवसेनेच्या ५५ आमदारांपैकी ३७ या आकड्याभोवती चर्चा फिरत होती, ती यामुळेच. कर्नाटकात हा मार्ग अवघड होता : जनता दल (धर्मनिरपेक्ष) पक्षाचे २५, तर काँग्रेसचे पन्नासहून अधिक आमदार फुटावे लागले असते. प्रत्यक्षात दोन्ही पक्षांचे मिळून जेमतेम सतरा पुरले. बहुतेकांनी राजीनामे पुढे केले आणि मतदानाला ते फिरकलेच नाहीत.

विधानसभाध्यक्ष के. आर. रमेश कुमार यांनी या सतरा जणांना अपात्र ठरवले. पण शिक्षेचा लाभ भलत्यालाच झाला. सदस्यसंख्या घटली, त्याबरोबर बहुमताचा आकडाही खाली आला आणि भाजपचे १०५ आमदार पुरेसे ठरले. २९ जुलै रोजी बी. एस. येडियुरप्पा यांनी आवाजी मतदानाने विश्वास संपादन केला. विश्वासदर्शक ठरावासाठी एकूण संख्येच्या बहुमताची अट घालावी, ही सूचना म्हणूनच तोकडी वाटते. रिक्त जागा वगळून मोजणी झाली, तर तीही निष्प्रभ होईल.

याची झळ मतदारांना बसली. बेळगाव जिल्ह्यातील अथणी, कागवाड आणि गोकाक हे मतदारसंघ डिसेंबरपर्यंत आमदाराविना राहिले. सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर रोजी अपात्रता कायम ठेवली, मात्र या सर्वांना पोटनिवडणूक लढविण्याची मुभा दिली. ५ डिसेंबरला १५ जागांसाठी मतदान झाले. त्यांपैकी १२ भाजपने जिंकल्या; बेळगावच्या तिन्ही जागा त्यांत होत्या.