थेंबाचा हिशेब

चिकटवण्याच्या विद्येतले माझे शिक्षण बाभळीच्या डिंकावर झाले. डिंकाचे खडे पाण्यात भिजत घालावेत आणि बोटाला येईल तेवढा डिंक माखावा. कागद वाकडा बसला तर सरकवावा, सुरकुती पडली तर उचलून पुन्हा लावावा. डिंकाला घाई नसते आणि त्याला रागही येत नाही. त्यामुळे हात सैल सोडण्याची जी सवय लागली, ती मास्तरकीतून निवृत्त झाल्यावरही गेली नाही. ती मोडली गेल्या दिवाळीत.

नातू आठ दिवसांकरिता पुण्याहून रिसोडला आला होता. कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून लोकांना खुले आहे. ते पाहिल्यापासून या बारा वर्षांच्या पोराच्या डोक्यात आगगाड्या धावत होत्या.

"आबा, आपण तुमच्या वेळची गाडी करू या," तो म्हणाला.

आमच्या वेळची गाडी म्हणजे पूर्णा-अकोला मार्गावरची मीटरगेज. रिसोडला रेल्वे नाही. एस. टी.ने वाशीम गाठायचे आणि तिथे गाडी धरायची. २००८ साली तो मार्ग रुंद झाला आणि आमची लहान गाडी गेली. नातवाची आजी त्या गाडीने अकोल्याला माहेरी जाई. खिडकीची जागा मिळाली नाही, तर अकोला येईपर्यंत माझ्याशी अबोला! हे ऐकताच पोराने निर्णय दिला, "मग आजीला खिडकीतच बसवू." तिला जाऊन तेव्हा तीन वर्षे झाली होती. त्याने कागदाची नखाएवढी आजी कातरली आणि तिला हिरवे लुगडेही रंगवले.

प्रमाण ठरले पन्नासास एक. म्हणजे रुळांमधले १००० मिलिमीटरचे अंतर झाले २० मिलिमीटर. पुठ्ठ्याच्या भिंती उभ्या राहिल्या, बाके बसली, आजीही बसली. राहिल्या खिडक्या. त्यांच्या काचा मिठाईच्या डब्याच्या पारदर्शक झाकणातून कापल्या होत्या.

"आता तू बाजूला हो," मी वडीलकीच्या थाटात म्हणालो आणि सुपर ग्लूची नळी दाबली. आजीच्या खिडकीची काच चटकन धरेना, म्हणून आणखी एक थेंब सोडला. तो चौकटीबाहेर पसरला. तो पुसायला गेलो, तर बोट चिकटले. बोट सुटेपर्यंत घरात हसाहशी झाली.

सकाळी मात्र कुणी हसले नाही. काचेवर दाट धुक्यासारखा पांढरा थर चढला होता.

"आबा, आजी दिसेना," एवढेच तो म्हणाला आणि अंगणात निघून गेला.

मी आधी गोंदाला नावे ठेवली. मग चप्पल घालून आमच्या ओळखीच्या एका घड्याळ दुरुस्त करणाऱ्याकडे गेलो. त्याने माझी हकीगत शांतपणे ऐकली आणि म्हणाला, "गुरुजी, याले ओतू नका, टेकवा." त्याने एका शिवणसुईच्या नेढ्याचे टोक कापले. नेढ्याचे दोन बारीक शिंगांचे बेचके झाले. गोंदाचा थेंब एका बाटलीच्या झाकणात काढला, बेचके त्यात बुडवले आणि दोन तुकड्यांच्या सांध्याला नुसते टेकवले. गोंद आपण होऊन फटीत ओढला गेला. एवढेच!

घरी येऊन मी या गोंदाचे कुळ-मूळ शोधले. १९४२ साली अमेरिकेत हॅरी कूव्हर हे शास्त्रज्ञ बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधत होते. त्यांना हा पदार्थ सापडला, पण तो जिथे तिथे चिकटतो म्हणून त्यांनी बाजूला टाकला. १९५१ साली त्यांचे सहकारी फ्रेड जॉयनर यांनी त्याचा थर एका महागड्या यंत्राच्या दोन लोलकांमध्ये दिला, तेव्हा लोलकच एकमेकांना चिकटून बसले. मग त्याचा गुण ध्यानात आला आणि १९५८ साली तो बाजारात आला.

त्याची खोड अशी, की तो वाळत नाही. हवेतली आणि वस्तूच्या अंगावरची ओल मिळाली, की त्याचे सुटे कण साखळी धरतात. थर पातळ असेल तर ओल सर्वत्र पोचते आणि तो झटकन आवळतो. थर जाड असेल तर आतला गोंद ओलाच राहतो, आणि त्याची वाफ आजूबाजूला पांढरी होऊन बसते. दिवाळीची आमच्याकडची हवा कोरडी, म्हणून त्याला थोडा अधिक वेळ हवा होता. मी वेळ देण्याऐवजी थेंब दिला!

शिवाय माझा हिशेबही चुकला होता. गाडी पन्नास पटींनी लहान केली, पण थेंब कोण लहान करणार? चार मिलिमीटरचा थेंब त्या गाडीच्या मापाने वीस सेंटिमीटरचा, म्हणजे चांगल्या भाकरीएवढा झाला. बायको खिडकीत बसलेली असताना तिच्या काचेवर मी भाकरी थापली म्हणायची!

पुढचे दोन दिवस नातू गुरू आणि मी विद्यार्थी. तुकडे आधी कोरडेच जुळवून पाहायचे, कडा घासून स्वच्छ करायच्या. बोट चिकटले तर ओढायचे नाही, कोमट साबणपाण्यात भिजवून हळूहळू सोडवायचे. सुती हातमोजे घालायचे नाहीत, कारण कापसावर हा गोंद सांडला तर भाजण्याइतका तापतो. डोळ्यात गेला तर चोळाचोळ न करता डॉक्टर गाठायचा. आणि पारदर्शक काचेला हा गोंद लावायचाच नाही. तिथे सुताराचा पांढरा गोंद बरा, त्याची वाफ काच मळवीत नाही.

शेवटच्या संध्याकाळी नवी काच बसवायची होती. माझा हात थरथरतो. पोराने माझे मनगट टेबलावर टेकवले, त्यावर आपला हात ठेवला आणि म्हणाला, "आता टेकवा, आबा." काच बसली. आत हिरवे लुगडे स्वच्छ दिसले.

सकाळी तो पुण्याच्या बसने गेला. गाडी माझ्या कपाटावर उभी आहे. ती पांढरी पडलेली काच मी टाकली नाही. टेबलाच्या खणात ठेवली आहे. हात पुन्हा सैल सुटू लागला, की काढून पाहतो.