दार कोणीं ठोठवावें?

आपला पाल्य सॉफ्टबॉल उत्तम खेळतो, तेव्हां त्यास महाविद्यालयाच्या संघांत स्थान मिळावें, ही पालकांची इच्छा रास्त होय. परंतु त्यासाठीं वडिलांनीं वशिला शोधीत फिरावें, हें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं.

गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापुरांत राजाराम महाविद्यालयांत शिकत असतां क्रीडाशिक्षकांनीं त्यांस वार्षिक स्पर्धेंत घेण्याचें प्रथम नाकारिलें. अंगलट किरकोळ, असा पोर कुस्ती काय खेळणार! खाशाबा निमूटपणें परतले नाहींत. ते स्वतः प्राचार्यांकडे गेले व अनुमति घेऊन आखाड्यांत उतरले. १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकांत ते सहावे आले. १९५२ सालीं हेलसिंकीस जाण्यास पैसा अपुरा पडला, तेव्हां प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनीं कांस्यपदक आणिलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक. एवढें साहाय्य क्वचितच कोणास लाभतें. पण त्याआधीं विद्यार्थी आपल्या पायांनीं दाराशीं गेला होता.

पालकांनीं प्रमाणपत्रें जपावीं, प्रवासखर्च सोसावा, अभ्यास मागें पडूं देऊं नये. महाविद्यालयाच्या क्रीडाशिक्षकांस पत्र मात्र मुलानें वा मुलीनेंच लिहावें: आपण पिचर कीं कॅचर, कोठें खेळलों, पुढें कोणता विषय शिकावयाचा आहे. वडिलांनीं सांगून लिहविलेलें पत्र शिक्षक तेव्हांच ओळखतात!

आणि मुलीस परगांवीं ठेवावयाचें कीं नाहीं, याचा निकाल घरांत आधींच लावावा. संघांत निवड झाल्यानंतर नव्हे.