हार्वेस्टरचा छाप आणि घरचे बियाणे

सोयाबीनचा हंगाम आला की विदर्भ-मराठवाड्याच्या रस्त्यांवर पंजाबचे हार्वेस्टर दिसू लागतात आणि पारावर वाद रंगतो : प्रीत चांगला की करतार, दशमेश की स्टँडर्ड, की क्लासचे क्रॉप टायगर? वाद निरर्थक नाही. परंतु विचारावयाचा मुख्य प्रश्न त्यात बहुधा येतच नाही.

नाभा, भादसों, मालेरकोटला, बर्नाला येथील कारखान्यांची ही मोठी यंत्रे मुळात गहू आणि भात यांसाठी घडली. सुमारे १४ फुटांचा कटरबार, साधी रचना, गावचा मिस्त्रीही दुरुस्त करू शकेल असा सांगाडा, हे त्यांचे बळ. क्रॉप टायगर आटोपशीर आहे. त्याचा पट्ट्यांवर चालणारा प्रकार परतीच्या पावसाने भिजलेल्या काळ्या रानात कमी रुततो, लहान तुकड्यांत सहज वळतो. पण त्याचे सुटे भाग आणि जाणकार कारागीर तितक्या सहज हाती लागत नाहीत.

खरी कसोटी मात्र दाण्याची आहे. सोयाबीनचे टरफल पातळ आणि अंकुर त्याच्या अगदी लगत. गव्हासाठी लावलेली ड्रमची गती तशीच ठेवली तर दाणा फुटतो. जो अखंड दिसतो त्यालाही आतून मार बसतो आणि तो पेरल्यावर उगवत नाही. म्हणूनच बियाण्याच्या मळणीसाठी मळणीयंत्राचे फेरे मिनिटाला ४०० च्या आसपास ठेवण्यास सांगितले जाते. शेंगा बुडालगत लागतात, त्यामुळे कटरबार थोडा उंच धरला तरी माल रानातच राहतो. कोणत्याही छापाच्या यंत्रात ही काळजी घेता येते. मग ती घेतली का जात नाही?

कारण भाडे एकरावर ठरते. कर्जाने घेतलेल्या यंत्राचे हप्ते फेडणाऱ्या मालकाला दिवसाकाठी अधिक एकर हवे असतात; सांडलेल्या शेंगांचा आणि मेलेल्या अंकुराचा भुर्दंड शेतकऱ्याच्या पदरी पडतो. चालकाच्या माथी दोष मारणे अन्यायाचे होईल. तोही घरापासून शेकडो कोस दूर राबणारा मजूरच. २०२० च्या खरिपात विकतचे सोयाबीन न उगवल्याच्या हजारो तक्रारी महाराष्ट्रात झाल्या, तेव्हा घरच्या बियाण्याचे मोल सर्वांना कळले. तेच बियाणे घाईच्या मळणीत नासते आणि पुढच्या जूनमध्ये शेतकरी पुन्हा दुकानाच्या दारात उभा राहतो.

मालकीचा प्रश्न नवा नाही. पंजाब सरकारच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या पंजाब ट्रॅक्टर्सने १९८० साली देशी बनावटीचा स्वराज हार्वेस्टर बाजारात आणला. २००३ मध्ये सरकारने आपला हिस्सा विकला, २००७ मध्ये कंपनी महिंद्रच्या ताब्यात गेली. सार्वजनिक क्षेत्राने यंत्र घडवता येते हे दाखविले. ते राखण्याची इच्छा राज्यकर्त्यांपाशी नव्हती.

विळ्याने उक्ती सोंगणी करणाऱ्या बायांचा रोजगार यंत्राने हिरावला, हा तर स्वतंत्र लेखाचा विषय. यंत्र हाकलून तो परत येणार नाही. पण गावाने सामूहिक मालकीचे यंत्र घेतले, तर त्याच्या उत्पन्नात या बायांचा वाटा मागता येईल. २०१४-१५ पासून अवजारे बँकांना सरकारी अनुदान आहे. ते गावातल्या दोन सधन घरांत जिरू न देणे हे कार्यकर्त्यांचे काम. तोवर किमान एवढे व्हावे : यंत्र रानात उतरण्यापूर्वी ड्रमची गती आणि कापणीची उंची ठरवून घ्यावी, पहिल्या फेरीनंतर टाकीतला मूठभर दाणा सर्वांसमक्ष पाहावा, आणि फूट अधिक दिसल्यास भाड्यातून कपात होईल हे सोसायटीच्या कागदावर लिहून घ्यावे.