ढोलकपूरच्या राजाला कुणी निवडून दिलं?

कुठल्याही पालकसभेत एक तक्रार हमखास ऐकू येते. शिनचॅनमुळे मुलं बिघडली, उलट उत्तरं द्यायला लागली. २००८ साली तर केंद्र सरकारने ही मालिका बंदच केली होती. पुढच्या वर्षी ती बरीच काटछाट होऊन परत आली. त्याच २००८ साली पोगोवर हैदराबादच्या ग्रीन गोल्ड कंपनीचा ‘छोटा भीम’ सुरू झाला. त्याच्याबद्दल मात्र घरोघरी समाधान आहे. देशी आहे, संस्कारी आहे, लाडू खातो, आणखी काय हवं? माझा आक्षेप नेमका या समाधानाला आहे.

ढोलकपूर हे कसलं गाव आहे, ते जरा नीट पाहा. राजा इंद्रवर्मा भला, प्रजा सुखी. राजाला कुणी जाब विचारत नाही, कारण विचारण्यासारखं काही घडतच नाही. संकट येतं ते बहुतेक बाहेरून. दरोडेखोर, राक्षस नाहीतर जादूगार. राजाचे सैनिक हात टेकतात आणि लाडू खाऊन ताकद आलेला एक लहान मुलगा सगळ्यांना बडवून काढतो. लाडू टुनटुन मावशीच्या घरचे, आणून देणारी चुटकी. मी पाहिलेल्या भागांत तरी गावातली चार माणसं एकत्र बसून भांडली, मतं पडली, राजाला अर्ज दिला, असं काही झालं नाही. एक बलवान येतो आणि अर्ध्या तासात हिशेब चुकता करतो. या गोष्टींवर वाढलेला मुलगा उद्या मतदार होणार आहे.

यावर ठरलेलं उत्तर मिळतं, ‘अहो, लहान मुलांची गोष्ट आहे ती!’ पंचतंत्र कुणासाठी होतं मग? त्यात राजा सिंह मूर्ख निघतो आणि ससा त्याला विहिरीत उडी मारायला लावतो. मगर आपल्या मित्राचं, माकडाचं, काळीज मागते. अँडरसनच्या १८३७ सालच्या गोष्टीत जलपरीला राजपुत्र मिळत नाही. डिस्नेने १९८९ साली तिचं लग्न लावून दिलं. दुःख आणि दगाफटका मुलांना पचत नाही, हा शोध अलीकडचा आहे.

आणि तो बदनाम शिनचॅन? त्याचा बाप घराचं कर्ज फेडत दमलेला नोकरदार आहे, आई सेलमधल्या स्वस्त कपड्यांवर झडप घालते, नवराबायकोचं भांडण होतं, मिटतं. निदान हे घर आपल्या घरासारखं तरी आहे.

गुळगुळीत जगात खलनायकही चेहऱ्यावरून ओळखू यावा लागतो. डिस्नेच्या १९९२ च्या ‘अल्लादीन’मध्ये नायक-नायिका अमेरिकन इंग्रजी बोलतात आणि पहारेकरी, बाजारातले विक्रेते जाड अरबी ढंगात. अरब-अमेरिकन संघटनेने निषेध केला तेव्हा सुरुवातीच्या गाण्यातली एक ओळ तेवढी पुढच्या वर्षी बदलली. आपल्याकडे हिंदीत आल्यावर उच्चारांचा प्रश्न मिटला, पण चेहरे तेच राहिले. गुळगुळीत दाढीचा तो नायक, आणि टोकदार दाढीचा, सुरमा घातल्यासारख्या डोळ्यांचा तो जाफर. यातला कोण आमच्या मोहल्ल्यातल्या चाचांसारखा दिसतो, हे मुलांना सांगावं लागत नाही.

माझा भाचा आठ वर्षांचा आहे. त्यांच्या खेळात भीम कोण होणार यावर रोज वाद होतो. राक्षस कोण होणार यावर होत नाही, ते पोरांनी आधीच ठरवलेलं असतं. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, वाचकांनी ओळखलं असेल.

त्याचा टीव्ही बंद करा, असं मी बहिणीला सांगितलेलं नाही. मी शेजारी बसतो आणि मधेच विचारतो, इंद्रवर्माला राजा कुणी केलं? सैनिकांना पगार कशाचा मिळतो? चुटकी कधी स्वतः का लढत नाही? मामू, गप्प बसा ना, असं तो ओरडतो. बहीण म्हणते, पोराची सगळी मजा घालवतोस. थोडी घालवतो खरी.