दोन आजार आणि एकटी सून

बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरच्या फलाटांवर पहाटेपासूनच गर्दी सुरू होते. घरातली कमावती माणसं मुंबईची लोकल पकडून जातात, ती थेट रात्री परततात. मागे उरतात आजारी सासरे किंवा सासूबाई आणि त्यांचं सगळं बघणारी सून. त्यातून त्यांना पार्किन्सन, म्हणजे आपला कंपवात, आणि जोडीला मधुमेह असेल तर त्या बाईचा अख्खा दिवस घड्याळाच्या काट्यावर चालतो.

‘‘गोळ्याच तर द्यायच्यात!’’ असं किती सहज म्हटलं जातं. पण या गोळ्यांचं गणित बघा. कंपवातात मेंदूतलं डोपामाइन नावाचं रसायन कमी पडतं. लेवोडोपाची गोळी त्याची भरपाई करते. ही गोळी साधारणपणे जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभराने घेतली तर चांगली लागू पडते, कारण डाळ, दूध, अंडी यांतली प्रथिनं तिच्या आड येऊ शकतात. मधुमेहाचं मात्र उलट! त्याच्या बऱ्याच गोळ्या आणि इन्सुलिन जेवणाशी बांधलेलं. इन्सुलिन टोचलं आणि जेवण लांबलं की साखर उतरते. आणि कंपवाताच्या माणसाला एक पोळी संपवायलाच अर्धा तास लागतो! म्हणून डाळ, दूध बंद करायचं नसतं, वेळा जुळवायच्या असतात, आणि त्या डॉक्टरांना विचारूनच.

साखर उतरली की हात थरथरतात, दरदरून घाम फुटतो, माणूस गोंधळतो. घरच्यांना वाटतं, कंप वाढला. अशा वेळी आधी ग्लुकोमीटरवर साखर बघावी. ती ७० च्या खाली असेल आणि माणूस शुद्धीत असेल, त्याला नीट गिळता येत असेल, तर चहाचे ३ चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावं. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही न घालता तडक दवाखाना गाठावा.

दुसरा त्रास बोलण्याचा. ‘‘मघाशी तर गॅलरीपर्यंत गेले, आता म्हणे उठवत नाही. नाटकं सगळी!’’ नाटकं नसतात हो ती. गोळीचा असर उतरला की पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. चेहऱ्याचे स्नायू ताठरतात म्हणून हसू उमटत नाही, आणि सुनेला वाटतं, सासूबाई रागावल्यात. त्यात शेजारच्या काकू खाजकुइलीचं चूर्ण सुचवतात. खाजकुइलीत निसर्गतःच लेवोडोपा असतो. गोळ्या चालू असताना वरून ते चूर्ण दिलं तर मात्रा नकळत वाढते.

हे सगळं रोज कोण बघतं? सूनच ना? मेंदूविकारतज्ज्ञांची फाईल वेगळी, शुगरच्या डॉक्टरांची वेगळी. दोन्ही फाईलींतला मजकूर जिच्या हातून एकाच माणसाच्या पोटात जातो, ती एकटीच. आणि डॉक्टरांकडे जाताना मात्र मुलगा रजा टाकून वडिलांना नेतो. डॉक्टर विचारतात, ‘‘गोळीचा असर किती वेळ टिकतो? रात्री उठतात का? जेवताना ठसका लागतो का?’’ त्या बिचाऱ्याला कुठून माहीत असणार!

माझं स्पष्ट मत आहे, जी गोळ्या देते तिनंच डॉक्टरांसमोर बसायला हवं. जाताना एका पानावर सगळं लिहून न्यावं – कोणती गोळी किती वाजता, जेवण किती वाजता, साखर किती, पाय कधी अडखळतात, उभं राहताना चक्कर येते का. हेच पान दोन्ही डॉक्टरांना दाखवावं. त्या दिवशी मुलांच्या शाळेचं, स्वयंपाकाचं नवऱ्याने बघावं. शिवाय रविवारच्या गोळ्या, इन्सुलिन आणि पायांची तपासणी मुलाकडेच असावी. मधुमेहात पायाची जखम कळत नाही आणि कंपवातात पाय घसटत पडतो, तेव्हा पाय रोज बघावेच लागतात. फोनवरून ‘‘बाबांकडे नीट लक्ष दे हं’’ असं बजावणाऱ्या नणंदा-दिरांनीही महिन्यातले दोन दिवस येऊन राहावं. जन्मदात्यांची सेवा फक्त सुनेनेच करायची, असं कोणत्या शास्त्रात लिहिलंय?

घराबाहेरही आधार हवा. मुंबईत २००१ मध्ये ‘पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी’ सुरू झाली. ती रुग्णांचे गट जमवून व्यायाम आणि मार्गदर्शन देते, तेही विनामूल्य. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. तिथे रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि त्याला सांभाळणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणतात. सांभाळणाऱ्याला स्वतःचं नाव मिळालं, हेच मला फार मोलाचं वाटतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही पार्किन्सनचा समावेश आहे. त्यासाठी प्रमाणपत्राची चौकशी सरकारी रुग्णालयात जरूर करावी.

आपल्या गावांत महिला मंडळं आहेत, ज्येष्ठ नागरिक संघ आहेत. हळदीकुंकू, सहली आपण हौसेने करतोच. मग महिन्यातली एक दुपार या शुभंकर बायकांसाठी ठेवायला काय हरकत आहे? कुणी वेळापत्रक दाखवेल, कुणी ग्लुकोमीटर शिकवेल, कुणी नुसतं ऐकेल. आणि त्या दुपारी घरी सासऱ्यांजवळ कोण बसणार, ते मात्र नवऱ्यांनी ठरवावं!