भिंगाची मालकी

मोतीबिंदू हा काही असाध्य विकार नव्हे. डोळ्यातील नैसर्गिक भिंग गढूळ होते. ते काढून कृत्रिम भिंग बसविले की दृष्टी परत येते. हॅरॉल्ड रिडले यांनी लंडनमध्ये असे भिंग प्रथम बसविले ते १९४९ साली. त्यानंतर चाळीस वर्षांनीही नेपाळच्या डोंगरातील शेतकऱ्याच्या वाट्याला, शस्त्रक्रिया झालीच तर, जाड काचांचा चष्माच येत असे. तो दगडावर पडून फुटला की माणूस पुन्हा आंधळा! भिंगाची किंमत शंभर डॉलरांहून अधिक होती आणि ती ठरविणारे कारखाने श्रीमंत देशांत होते. गरीब देशांना चष्मा पुरे, असे सांगणारे तज्ज्ञही तेव्हा होते. त्यांपैकी कोणी स्वतःच्या आईला तसा चष्मा दिला असता काय?

ही मक्तेदारी तिसऱ्या जगानेच मोडली. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने १९९२ मध्ये ऑरोलॅब काढली. काठमांडूत डॉ. संदुक रुइत यांच्या पुढाकाराने १९९४ मध्ये तिलगंगा केंद्र उभे राहिले. तेथेही भिंगे बनू लागली. त्यांचे सहकारी फ्रेड हॉलोज, एके काळचे कम्युनिस्ट, यांनी इरिट्रियाच्या मुक्तिलढ्यातील डॉक्टरांचे काम पाहून तेथेही कारखान्याचा ध्यास घेतला. ते १९९३ मध्ये वारले; अस्माराचा कारखाना त्यांच्या पश्चात उभा राहिला. भिंग दहा डॉलरांच्या आत आले.

परंतु भिंग स्वस्त झाल्याने रुग्णालय जवळ येत नाही. बसभाडे लागते, सोबत येणाऱ्या मुलाची मजुरी बुडते. म्हातारी तर घरातल्या घरात चाचपडत दिवस काढते. तिच्या डोळ्यांची निकड कोणालाच वाटत नाही. गरीब देशांत शस्त्रक्रियेवाचून राहणाऱ्यांत स्त्रियाच अधिक, हे उगीच नव्हे.

आणि फुकट म्हणजे कसेही चालेल, ही वृत्ती अजून गेलेली नाही. पंजाबात गुरुदासपूर जिल्ह्यात २०१४ मध्ये आणि मध्य प्रदेशात बडवानीला २०१५ मध्ये शिबिरांतील शस्त्रक्रियांनंतर कित्येक गरिबांनी डोळे गमावले. सेवाभावी संस्थांचे यश हे सरकारला हात झटकण्याचे निमित्त होऊ नये. शिबिराचा फलक लावण्यापूर्वी कार्यकर्त्यांनी जिल्हा रुग्णालयात जावे. नेत्रशल्यविशारदाचे पद भरले आहे काय, निर्जंतुक शस्त्रक्रियागृह बारमाही चालते काय, हे लेखी विचारावे. शिबिर घ्यावेच लागले तर यादीत म्हाताऱ्या बायकांची नावे आधी लिहावीत.