खुर्ची रिकामी करण्याचा हक्क कोणाचा?

'राइट टू रिकॉल' म्हटलं की आपल्याला 2011 चं अण्णा हजारेंचं आंदोलन आठवतं, आणि मागणी तिथेच विरली असं वाटतं. नानाखेड्यात आमच्या कॉलनीतही नाली तुंबली की कुणीतरी म्हणतंच, "निवडून दिलं ना, आता भोगा पाच वर्षं!" पण आपल्या मध्य प्रदेशात हा हक्क कायद्यात आहे आणि तो वापरलाही गेला आहे, हे किती जणांना ठाऊक आहे?

2001 मध्ये अनूपपूरच्या मतदारांनी आपल्या नगरपालिका अध्यक्षांना मतदान करून पदावरून उतरवलं. देशातलं असं पहिलं उदाहरण म्हणून त्याचा उल्लेख होतो. अशा मतदानात चित्रं दोनच: एक भरलेली खुर्ची, एक रिकामी. म्हणूनच इकडे याला 'खाली कुर्सी, भरी कुर्सी'ची निवडणूक म्हणतात. छत्तीसगडला हाच कायदा वारशाने मिळाला. तिथेही 2008 मध्ये राजपूर, गुंडरदेही आणि नया बाराद्वार या तीन ठिकाणच्या अध्यक्षांना लोकांनी घरी पाठवलं.

ऐकायला छान वाटतं. पण कायदा नीट वाचला की गोम कळते. शहरात ही प्रक्रिया नागरिक सुरूच करू शकत नाहीत. अध्यक्ष किंवा महापौरांना परत बोलावण्याचा प्रस्ताव तीन-चतुर्थांश निवडून आलेल्या पार्षदांच्या सह्यांनी यावा लागतो. उज्जैनमध्ये 54 वॉर्ड आहेत, म्हणजे किमान 41 पार्षद हवेत. हजारो नागरिकांनी सह्या केल्या तरी कायद्याच्या लेखी ते फक्त एक निवेदन! आपला नंबर शेवटी, बटण दाबण्यापुरता.

त्याहून गंमत म्हणजे ही तरतूद महापौर-अध्यक्षांपुरतीच आहे. ज्याच्याशी आपला रोजचा संबंध, त्या पार्षदाला परत बोलावण्याची सोय मतदाराला नाही. याउलट आपल्याच राज्यात ग्रामसभेचे एक-तृतीयांश सदस्य सह्या करून सरपंचाविरुद्ध प्रक्रिया सुरू करू शकतात. महाराष्ट्रातही 2017 मध्ये थेट सरपंच निवड आली तेव्हा अविश्वास ठरावावर ग्रामसभेच्या गुप्त मतदानाची मोहर लागेल अशी तरतूद झाली. मग गावच्या मतदारावर जेवढा विश्वास टाकला, तेवढा शहरातल्या मतदारावर का नाही?

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. हरलेला उमेदवार दुसऱ्या दिवसापासून सह्या गोळा करत फिरेल. आरक्षित जागेवरून निवडून आलेली बाई किंवा दलित प्रतिनिधी गावच्या दांडग्यांना नकोशी झाली की तिच्याविरुद्ध हेच हत्यार निघेल. ही भीती खरी आहे. पण म्हणून हक्कच नाकारायचा, हे मला पटत नाही. त्याला कुंपण घालावं. पहिली दोन वर्षं प्रतिनिधीला कामाची मोकळीक द्यावी, पूर्ण कार्यकाळात असं मतदान एकदाच व्हावं, सह्यांची सरकारी तपासणी व्हावी आणि कारण लेखी द्यावं लागावं. यातल्या काही अटी आजच्या कायद्यात आहेतच. फक्त सुरुवातीची किल्ली पार्षदांच्या खिशातून काढून मतदारांच्या हाती द्यायची आहे.

तोवर काय करायचं? हातात आहे ते तरी वापरू या. 2005 च्या माहिती अधिकाराखाली वॉर्डात किती पैसा आला, कुठे खर्च झाला, हे साधा अर्ज करून विचारता येतं. तीन लाखांहून मोठ्या शहरांत वॉर्ड समित्या असाव्यात असं 74 वी घटनादुरुस्ती सांगते, आणि उज्जैनने तो आकडा कधीच ओलांडलाय. आपली समिती कधी बसते, हे विचारलंय का कुणी? 2028 च्या सिंहस्थासाठी शहरात रस्ते-पुलांची कामं चाललीत. असे प्रश्न विचारायला याहून योग्य वेळ कोणती?

आपल्यापैकी बरेच जण पुढच्या निवडणुकीत पहिल्यांदा मत देतील. बोटाला शाई लावून घेण्याआधी एवढं तरी माहीत असू द्या, की खुर्चीवर बसवणारे आपण असलो, तरी शहरात ती रिकामी करायची परवानगी अजून दुसऱ्यांकडे मागावी लागते. हे बदलावं असं मला वाटतं. तुम्हाला वेगळं वाटत असेल, तर मंडळाच्या पुढच्या बैठकीत या, भांडू या!